गहू बंद झाल्यावर: घरातलं पीठ, हिंग आणि डाव

सिलिअॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झालं की घरातले सगळे एकच विचारतात, मग आता खायचं काय? ज्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी, घावन, नाचणीची आंबील, वरण-भात आणि वरीचे तांदूळ होतात तिथे या प्रश्नाचं उत्तर एका दिवसात मिळतं. अवघड भाग पुढे सुरू होतो. पोळी ताटातून गेली तरी गहू पोटात जात राहतो आणि कुठून जातो ते महिनोन् महिने सापडत नाही. तो गिरणीतून येतो, हिंगाच्या डबीतून येतो, पोळीवर टेकून पुन्हा भाजीच्या पातेल्यात गेलेल्या डावातून येतो. म्हणून इथे पाककृती थोड्या आणि या वाटा जास्त दिल्या आहेत.

गहू बंद करण्याआधी

तपासण्या पूर्ण झाल्या नसतील तर गहू अजून सोडू नका. सिलिअॅकसाठी रक्तात टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी बघतात आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी, मोजतात. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी बनतं. त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. त्यानंतर बहुतेकांना दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन तपासावे लागतात. गहू आधीच बंद केला असेल तर अँटिबॉडी उतरते, आतडं भरून यायला लागतं आणि अहवाल "काही नाही" असा येतो. मग खात्री करायची तर पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो आणि तोवर बरं वाटू लागलेलं माणूस त्याला तयार होत नाही.

"थोडंसं चालतं" याचा हिशेब

ग्लुटेन हे गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे. सिलिअॅक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरची केसासारखी उंचवट्यांची रचना झिजते आणि लोह, कॅल्शियम, फॉलेट यांचं शोषण घटतं. ही अॅलर्जी नव्हे आणि पचनशक्ती वाढवून ती जात नाही. ग्लुटेन पूर्ण बंद करणं, तेही आयुष्यभर, हा आजच्या घडीला एकमेव उपचार आहे.

आता आकडे. 100 ग्रॅम कणकेत साधारण 8 ते 9 ग्रॅम ग्लुटेन असतं. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत ते अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 2500 मिलिग्रॅम होतं. सिलिअॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन सोसतं असं मानलं जातं. रोज 50 मिलिग्रॅम गेलं तर आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलेलं आहे. एका पोळीचे अडीचशे सारखे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे 10 मिलिग्रॅम. सासूबाई, आत्या, शेजारच्या काकू "अगं, एक घास खा, काही होत नाही" म्हणतात तेव्हा त्यांना हाच तुकड्यांचा हिशेब सांगा. "डॉक्टरांनी नको सांगितलंय" यापेक्षा तो लवकर पटतो.

पाकिटावर "ग्लुटेन फ्री" लिहायचं असेल तर भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. 20 ते 100 मिलिग्रॅम असलेल्या पदार्थाला "कमी ग्लुटेन" म्हणता येतं. दुसरा प्रकार सिलिअॅकसाठी नाही.

खपली गव्हाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण सध्या तो "ग्लुटेन नसलेला" म्हणून सर्रास सुचवला जातो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. लोकवन, बन्सी, सिहोर, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, आंबवून केलेल्या ब्रेडमधला, यातला कुठलाही गहू चालत नाही.

नावात न दिसणारा गहू

पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी, दलिया, बिस्किटं, नानकटाई हे कुणालाही कळतं. मराठी घरात फसवणारे पदार्थ वेगळे आहेत. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर थोडा गहू भाजून घालायची पद्धत आहे. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी मूठभर गहू पडतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतोच. कोंबडी-वड्यांच्या पिठात काही घरी गहू घालतात. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ आणि डाळींची असते, पण विकतच्या चकलीत मैदा असू शकतो. बाकरवडीचं आवरण, गुळपोळी, करंजी, चिरोटे, शंकरपाळे, जिलबी आणि गुलाबजाम बाद. गोव्यातली पोई आणि बेबिंका बाद. सान्नं आणि दोदोल तांदळाचे, म्हणजे मुळात चालणारे.

तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळे, राजगिरा, मका, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळं, शेंगदाणे, तीळ, गूळ हे सगळं मुळात ग्लुटेनमुक्त आहे. ओट्सचा प्रश्न वेगळा. त्यात गव्हाची भेसळ शेतापासून कारखान्यापर्यंत कुठेही होते. ग्लुटेन फ्री लिहिलेले ओट्सही पहिले काही महिने टाळून, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. काही थोड्या लोकांना तेही सोसत नाहीत.

दळण

सगळ्यात मोठी गळती इथे आहे, म्हणून दळणाचा बंदोबस्त आधी करा.

कोपऱ्यावरच्या गिरणीत तुमच्या ज्वारीआधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. दगडांच्या फटीत, नळीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत तो पीठ होऊन बसलेला असतो आणि तुमच्या डब्यात येतो. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते. पण त्याच खोलीत दिवसभर गव्हाचं पीठ उडतं, तराजू एक, फडं एक, डबे उघडे. "सकाळी पहिलं दळण तुमचं घालतो" असं गिरणीवाले मायेनं सांगतात, तरी आदल्या दिवशीचा गहू आत असतोच. सिलिअॅकच्या माणसाचं दळण गिरणीत नको.

उपाय घरघंटी. ती घेताना तीन गोष्टी सांभाळा. वापरलेली घेऊ नका. आतल्या जाळ्या, कप्पा आणि गाळणीचं कापड कितीही पुसलं तरी पीठ निघत नाही. नवी घेताना दुकानदार प्रात्यक्षिकासाठी गहू घालून दाखवतात. ते करू देऊ नका, आपली ज्वारी घेऊन जा. आणि घरात आल्यावर तिच्यात गहू एकदाही दळायचा नाही, "फक्त आजच्या दिवस" म्हणूनही नाही. पहिलं किलोभर तांदळाचं दळण काढून बाजूला ठेवा, ते घरातल्या इतरांनी खावं.

घरघंटी परवडत नसेल तर मिक्सर चालतो. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, 200-200 ग्रॅम करून दळा. भांडं गरम झालं की थांबा, नाहीतर पिठाला वास येतो. ज्वारी मिक्सरवर जरा रवाळ राहते. बारीक चाळणीनं चाळून वरचा कोंडा पुन्हा फिरवा. शिंगाडा मिक्सरवर सहसा नीट होत नाही.

दळायच्या आधी निवडणं आलं. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा आणि त्यात सुमारे साडेतीन मिलिग्रॅम ग्लुटेन. किलोभर ज्वारीत सहा दाणे गव्हाचे राहिले की ते पीठ 20 मिलिग्रॅमच्या मर्यादेला टेकलं. आणि सुट्या ज्वारीत, नाचणीत, मसुरीत, धण्यांत, जिऱ्यात गव्हाचे दाणे सापडतात, कारण शेत, मळणी यंत्र, पोती आणि वजनकाटा सगळ्यांचे एकच असतात. ताटात एका वेळी एक मूठ घ्या, दाणे एका थरात पसरा आणि खिडकीच्या उजेडात एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत जा. ज्वारीचा दाणा गोल, गव्हाचा लांबट आणि मधून चीर असलेला. जव त्याहून टोकदार, सालासकट. ढीग करून वरवर बोटं फिरवली तर दाणे निसटतात. नाचणी इतकी बारीक की निवडण्यापेक्षा चाळणं सोपं: तिच्या दाण्याएवढ्या भोकांच्या चाळणीतून नाचणी खाली पडते, गहू वर राहतो. मग धान्य दोन पाण्यांतून चोळून धुवा, सुती पंचावर पसरा आणि कडक उन्हात वाळवा. धुण्यानं पोत्यातली पिठाची धूळ जाते. ओल राहिली तर पिठाला जाळी धरते, म्हणून दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळू द्या.

बेसन आणि तांदळाची पिठी या दोन गोष्टी लोक विकत आणतात आणि तिथेच घात होतो. सुटं बेसन कुठल्या गिरणीत दळलं ते कळायला मार्ग नसतो. हरभऱ्याची डाळ निवडून घरी दळा. राजगिरा, शिंगाडा, वरी यांची पिठं "उपवासाची" म्हणून निर्धास्तपणे घेतली जातात. उपवासाला गहू चालत नाही हे खरं, पण पाकीट भरणारा कारखाना उपवास धरत नाही. ग्लुटेन फ्री लिहिलेलं घ्या किंवा घरी दळा.

हिंग

बाजारातला बहुतेक हिंग "बांधणीचा" असतो. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागे घटक वाचा. आट्याचा किंवा मैद्याचा उल्लेख स्पष्ट सापडतो. परदेशातल्या भारतीय दुकानांत मिळणाऱ्या डब्यांतही हेच. फोडणीतली चिमूट छोटी, पण ती वरणात, आमटीत, भाजीत, ताकात, लोणच्यात, दोन्ही वेळा पडते.

खडा हिंग शुद्ध असतो हा समज चुकीचा आहे, बांधणीचा हिंगही खड्याच्या रूपात विकतात. तांदळाचं पीठ वापरलेला आणि ग्लुटेन फ्री लिहिलेला हिंग मिळतो, तो घ्या. तो मिळेपर्यंत फोडणी जिरं, ओवा आणि लसणावर भागवा. घरातला जुना डबा फेकायचा नसेल तर वेगळ्या कपाटात ठेवा, कारण सवयीनं हात त्याच डब्याकडे जातो.

हिंग बंद केला की ज्यांच्या पोटात तो असतो ते पदार्थही आठवा: विकतचा गोडा मसाला, सांबार मसाला, ताकाचा मसाला, लोणची, उडदाचे पापड, शेव, फरसाण, आवळासुपारी, हिंगाष्टक चूर्ण आणि पाचक गोळ्या. मसाले घरी करणं हे इथे खरंच सोपं आहे. गोडा मसाला वर्षाचा एकदा होतो आणि त्यात हिंग न घालता भागतं.

ओटा आणि भांडी

घरात दोन मार्ग असतात. एक, सगळ्यांनीच गहू घरात आणायचा नाही. घरात सिलिअॅकचं लहान मूल असेल तर हाच मार्ग निदान पहिल्या वर्षी धरावा, असं आमचं मत आहे. मूल रांगतं, डबे उघडतं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलतं आणि कणकेच्या गोळ्याशी खेळतं. दुसरा मार्ग, घरात गहू राहील पण त्याची जागा ठरलेली. तो धरायचा तर पुढच्या गोष्टी नीट कराव्या लागतात.

काही वस्तू नव्याच घ्या, कारण धुऊन त्या निघत नाहीत: लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी डाव, काथवट, पिठाची चाळणी, शेवेचा सोऱ्या, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा, टोस्टर, पोळीच्या डब्यातली फडकी. जुन्या लोखंडी तव्यावर वर्षानुवर्षांचा थर असतो; भाकरीला नवा तवा घ्या आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधा. परातीच्या कडेला, चिमट्याला, उलथन्याला, सगळ्याला एकच रंग. घरी येणाऱ्या मावशींना "लाल दोऱ्याच्या भांड्यात कणीक नाही" एवढं एक वाक्य सांगून पुरतं. स्टीलची आणि काचेची भांडी वेगळी लागत नाहीत, गरम पाण्यानं आणि साबणानं घासली की झालं. मात्र घासणी वेगळी ठेवा, कारण कणकेचे कण तिच्यात अडकून बसतात. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुवा, त्याखाली हमखास पीठ असतं. कुकर, कढई, पातेली बदलायची गरज नाही.

जागा: ग्लुटेन नसलेलं वरच्या फळीवर, गहू खालच्या फळीवर. सांडलेलं पीठ खालीच पडतं. तूप, लोणी, जॅम, लोणचं आणि साखर यांची वेगळी भांडी करा. पोळीला तूप लावलेला चमचा डब्यात परत गेला की डबा गेला.

वेळ: भाकरी आधी, पोळ्या नंतर. कणीक चाळली किंवा पिठी झटकली की बारीक पीठ हवेत बराच वेळ तरंगत राहतं आणि उघड्या पातेल्यांवर बसतं. पोळ्या लाटायच्या आधी सिलिअॅकच्या माणसाचं जेवण झाकून बाजूला ठेवा. भजी, पापड तळायचे तेल वेगळं. ज्यात शंकरपाळे तळले त्या तेलात साबुदाणावडा नको. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर एका वेळी दोन्ही प्रकार भाजू नका.

वाढताना खरकट्याचा नियम धरा. पोळी मोडलेला हात खरकटा, त्या हातानं भाजीचा डाव धरायचा नाही आणि डाव कुणाच्याही पोळीला टेकवायचा नाही. आजही कित्येक घरांत लोणच्याच्या बरणीला असाच हात लावत नाहीत, त्यामुळे ही शिस्त मोठ्यांना एकदा सांगितली की अंगवळणी पडते. सिलिअॅकच्या माणसाला सगळ्यांत आधी वाढणं हा याहूनही साधा बंदोबस्त.

भाकरी, फुलका आणि डबा

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून ते ताणलं जात नाही. त्याला एकत्र धरतो तो उकळत्या पाण्यानं फुगलेला स्टार्च. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच कडा फाटतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाजरीत तेल जास्त, तिचं पीठ आठवड्यानंतर कडवट लागतं.

थापायची सवय नसेल तर उकडीचे फुलके करा. एक वाटी पाणी, पाव चमचा मीठ आणि एक छोटा चमचा तूप उकळा. गॅस बंद करून त्यात सपाट एक वाटी ज्वारीचं पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्यानं ढवळा, दहा मिनिटं झाका. मग सोसेल इतकं गरम असतानाच हात ओला करून पाच-सात मिनिटं मळा, गोळा बोटानं दाबल्यावर कडेला चीर पडता कामा नये. चीर पडत असेल तर पाणी कमी आहे, एक-एक चमचा गरम पाणी घाला. लाटताना ज्वारीचीच पिठी लावा. चांगल्या तापलेल्या तव्यावर टाका, वरच्या बाजूनं ओल्या हातानं पाणी फिरवा, पाणी सुकलं की उलटा, शेवटी थेट आचेवर फुगवा. तवा कमी तापलेला असेल तर फुलका फुगत नाही आणि वातड होतो. एवढं झाल्यावर लगेच कापडात गुंडाळा.

दुपारच्या डब्यात मऊ राहणारी, भाजीभोवती गुंडाळता येणारी पोळी हवी असेल तर इसबगोल वापरा. औषधाच्या दुकानात मिळतो तो नुसता भुसा, चव-साखर घातलेला नको. 8 ग्रॅम म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे इसबगोल 170 मिलिलिटर कोमट पाण्यात कालवा. पाच मिनिटांत चिकट गोळा होतो. त्यात ज्वारीचं पीठ 75 ग्रॅम, तांदळाचं 50, साबुदाण्याचं 25, मीठ आणि चमचाभर तेल घालून मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. सहा पोळ्या होतात. इसबगोल थेट कोरड्या पिठात टाकला तर गुठळ्या होतात. प्रमाण वाढवलं तर पोळी रबरासारखी होते आणि पोटालाही जड पडते.

रव्याच्या जागी तांदळाचा किंवा वरीचा रवा घ्या. वरी तुपात बदामी भाजून, मिक्सरवर भरड काढून केलेला शिरा रव्याच्या शिऱ्याच्या अगदी जवळ जातो. पुरण मुळात ग्लुटेनमुक्त आहे, ते तांदळाच्या उकडीत भरून मोदकासारखं उकडा. श्रीखंडाबरोबर राजगिऱ्याच्या पिठात उकडलेला बटाटा मळून केलेल्या पुऱ्या. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला अनारसे, पोह्यांचा चिवडा, घरी दळलेल्या बेसनाचे लाडू.

एक सावधगिरी. पहिल्या उत्साहात लोक भात, साबुदाणा आणि बटाटा यांवर जगायला लागतात. बद्धकोष्ठता होते, वजन वाढतं आणि आधीच कमी असलेलं लोह तिथेच राहतं. रोज निदान एक जेवण ज्वारी, बाजरी किंवा नाचणीचं असू द्या, एक वाटी कडधान्य आणि पालेभाजी असू द्या. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे. सुरुवातीला दुधानं पोट फुगत असेल तर घाबरू नका. दूध पचवणारं विकर आतड्याच्या त्याच झिजलेल्या टोकांवर तयार होतं, आतडं भरून आलं की बहुतेकांना दूध पुन्हा सोसतं. तोवर दही-ताक.

पाकीट वाचताना

पाकिटावर पुढे काय छापलंय ते सोडा, मागे वळवा. "नाचणी बिस्किटं" आणि "ज्वारी कुकीज" यांत बहुधा मैदा किंवा आटा असतो. "मल्टिग्रेन" म्हणजे गव्हात इतर धान्यं. ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख अॅलर्जीच्या सूचनेत करणं भारतात बंधनकारक आहे, ती ओळ घटकांच्या यादीखाली शोधा. "याच कारखान्यात गहू हाताळला जातो" असं असेल तर पाकीट परत ठेवा.

माल्ट म्हणजे जव. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, कॉर्नफ्लेक्स, काही चॉकलेटं, माल्ट व्हिनेगर आणि बिअर इथे तो भेटतो. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र नावापुरतं सारखं, ते चालतं. सोया सॉस बनवताना सोयाबीनबरोबर बहुधा गहूही घालतात, त्यामुळे गाडीवरचं चायनीज तांदळाचं असलं तरी बाद. आईस्क्रीम घेताना कोन नको, बिस्किटाचे तुकडे घातलेला प्रकार नको. गोळ्या-औषधांत स्टार्च असतो. तो कशाचा आहे हे औषध दुकानदाराला किंवा कंपनीला विचारा, पण उत्तर येईपर्यंत चालू औषध मनानं बंद करू नका.

घराबाहेर

हॉटेलात "ग्लुटेन" शब्द वापरलात तर बऱ्याचदा मान डोलावली जाते आणि काहीच कळलेलं नसतं. गव्हाचं नाव घ्या: "गहू, मैदा, रवा अजिबात चालत नाही, दवाखान्यात जावं लागतं." मग नेमकं विचारा. भाकरीच्या पिठात मऊपणासाठी कणीक मिसळता का? पिठी कशाची लावता? तवा पोळीचाच का? मालवणी खानावळीत सुरमईला रवा लावतात, तांदळाचं पीठ लावून स्वच्छ तव्यावर करून मिळेल का ते विचारा; रस्सा आणि भात बरा. उडपी हॉटेलात इडली बहुधा सोपी, सांबारात हिंग. मसाला डोसा त्याच तव्यावर होतो ज्यावर रवा डोसा होतो. मिसळीत फरसाण. वडापावातला नुसता वडा बेसनाचा असला तरी कढईत समोसे तळलेले असतात. खात्री नसेल तेव्हा दही-भात, उकडलेलं अंडं, केळी, शहाळं.

लग्नाला किंवा बारशाला जाताना घरून थोडं खाऊन निघा आणि डबा सोबत न्या. यजमानांना आदल्या दिवशी फोन केला तर ते पंगतीत बसल्यावर आग्रह करत नाहीत. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा. हात पुढे करून तीर्थ आणि फळ घ्या, शिरा कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्याला द्या. घरची पूजा असेल तर प्रसादच वरीच्या रव्याचा करा, म्हणजे प्रश्न उरत नाही. वसई आणि गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांसाठी: चर्चच्या नियमाप्रमाणे गव्हाविना केलेला होस्ट वैध नाही, पण अत्यल्प ग्लुटेनचा चालतो, आणि नुसत्या द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनिअन घेता येतं. अत्यल्प ग्लुटेनचा होस्ट डॉक्टरांना विचारून घ्या, आणि फादरशी आधी बोला, म्हणजे पेला वेगळा ठेवता येतो.

प्रवासात ज्वारीची दूध घालून केलेली दशमी एक दिवस टिकते. त्यापुढे राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, घरचा चिवडा, भाजलेले चणे. लांबच्या मुक्कामाला छोटी इलेक्ट्रिक किटली आणि पातळ पोहे, तांदळाच्या शेवया, मुगाचं सूप. विमानात ग्लुटेनमुक्त जेवण जीएफएमएल या संकेतानं आधी नोंदवावं लागतं, निदान 24 तास, काही कंपन्यांत त्याहून आधी. तरीही पिशवीत आपलं काहीतरी असू द्या.

शाळेत वर्गशिक्षकांना एक कागद द्या: काय चालत नाही, काय चालतं, चुकून खाल्लं तर कुणाला फोन. वाढदिवसाच्या केकसाठी मुलाचा स्वतःचा खाऊ शाळेत ठेवा. डबे वाटून खाणं ही मुलांची हौस असते. "तू दे, पण घेऊ नको" हे चौथी-पाचवीच्या मुलाला नीट समजतं. चित्रकलेच्या तासाला खेळायचा मऊ क्ले गव्हाच्या पिठाचा असू शकतो, हात धुऊन मगच डबा.

चुकून पोटात गेलं तर

उतारा नाही. पाणी, साधं जेवण, विश्रांती. "ग्लुटेन पचवणाऱ्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर गहू खाऊ नका. मागच्या दोन दिवसांत काय आणि कुठे खाल्लं ते वहीत लिहा; तिसऱ्या-चौथ्या वेळी वहीतच हिंग किंवा एखादं दुकान सापडतं. आणि त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही असं समजू नका. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि टीटीजी मात्र चढलेली असते.

म्हणून रक्ततपासणी चुकवू नका: सहा महिन्यांनी, वर्षानं, पुढे दरवर्षी टीटीजी, सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. मोठ्यांची हाडांची घनताही एकदा बघून घ्यावी. टीटीजी हळूहळू उतरते, पण वर्षभरानंतरही वरच असेल तर आधी दळण, हिंग आणि बाहेरचं खाणं याच क्रमानं शोधा. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची चाचणी करून घ्या, त्रास नसला तरी. जवळच्या नात्यात दहातल्या साधारण एकाला हा आजार निघतो. त्यांचा अहवाल येईपर्यंत त्यांनी गहू खाणं चालू ठेवायचं.